अकरावीतल्या मुलाला गेमिंग कॉम्प्युटर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा यंदा अकरावीत गेलाय. गणित-फिजिक्स घेतलंय, भंवरकुआंला कोचिंग लावलंय. दहावीत चांगले मार्क मिळाले तर कॉम्प्युटर घेऊ, असं वडिलांनी कबूल केलं होतं. आता मुलगा म्हणतो, घ्यायचा तर गेमिंगचाच, सत्तर हजारांत बसतो. वडील म्हणतात लॅपटॉप घेऊ, पुढे कॉलेजातही कामाला येईल. ताईंची धास्ती वेगळी आहे. नात्यातल्या एका मुलाने मोबाइलवरच्या गेममध्ये आईच्या खात्यातले पैसे घालवले. तसलाच सापळा आपण पैसे मोजून घरात आणायचा का, असं त्या विचारतात. शिवाय घरात २०१५ साली घेतलेला एक कॉम्प्युटर धूळ खात पडलाय आणि सासूबाईंना मराठीत टाइप करायला शिकायचंय, त्याचंही काय करावं ते सांगा म्हणतात.

ताई, मी इंदुरात २७ वर्षं कॉम्प्युटर जोडतोय आणि दुरुस्त करतोय. गेम मी स्वतः खेळतो, आजही. त्यामुळे माझं उत्तर एका शौकिनाचं आहे, पण दुकानाच्या काउंटरवर बसून असंख्य आईवडिलांचं ऐकलेल्या माणसाचंही आहे. उत्तर असं: घ्या. पण तयार जोडलेला घेऊ नका, लॅपटॉप घेऊ नका, आणि तो मुलाच्या खोलीत ठेवू नका. सुटे भाग आणा, ते त्याच्या हातून जोडून घ्या आणि कॉम्प्युटर हॉलमध्ये मांडा. या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, त्यातली एक गाळली तर बाकीच्या दोघींचा फारसा उपयोग होत नाही.

आधी तुमच्या भीतीबद्दल, कारण ती रास्त आहे. नात्यातल्या मुलाचे पैसे कशात गेले हे तुम्ही लिहिलं नाहीत. दोन शक्यता असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिली म्हणजे पैसे लावून खेळायचे गेम: रमी, पोकर, क्रिकेटच्या टीम लावायची ॲप. यांच्यावर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, तेव्हा घरात असं काही घडलं असेल तर पोलिसांच्या धाकाने लपवून ठेवू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. मोठ्या कंपन्यांनी तर त्याच महिन्यात पैशांचे खेळ बंद केले. परदेशातून चालणारे अजून कुठल्यातरी लिंकवरून पोचतात, त्यांना जुगारच म्हणायचं आणि घरात तसंच वागवायचं.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे, कारण ती कायद्याने जुगारात मोडत नाही. गेम फुकट असतो. आत बंदुकीला रंग, खेळाडूला कपडे, एखादा नाच विकत मिळतो. रुपये थेट दिसत नाहीत, आधी नाणी घ्यावी लागतात. नाण्यांची पाकिटं अशा आकड्यांची असतात की वस्तू घेतल्यावर थोडी नाणी कायम उरतात, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढचं पाकीट घेतलं जातं. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. काही वस्तू फिरत्या चक्रातून निघतात, काय निघेल ते आधी कळत नाही. हे सगळं मुलाच्या हौसेचं मोजमाप करून बांधलेलं असतं. सोळा वर्षांचा मुलगा त्याला बळी पडला तर त्यात त्याचा दोष मला फार थोडा दिसतो.

या धंद्याचं मूळ ठिकाण मोबाइल आहे. तो खिशात असतो, पांघरुणाखाली जातो, त्यातच यूपीआय असतं. तेव्हा कॉम्प्युटर आणण्याआधी आजच एक काम करा. तुमच्या आणि साहेबांच्या फोनवर यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो, तो उघडा. दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी कुणाकुणाला दिलीय ते तिथे दिसतं. ओळखीचं नसेल ते रद्द करा. मग प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून ठेवा.

डेस्कटॉपवरही असे फुकटचे गेम आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण तिथे अजून जुनी पद्धत जिवंत आहे: एकदा पैसे द्या, गेम तुमच्या खात्यात, मग दहा वर्षं खेळा. स्टीम नावाच्या दुकानावर रुपयांत किमती असतात, सणासुदीसारखे सेल लागतात. तिथेच २०२४पासून कुटुंबाची सोय झालीय. मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली घ्यायचं, रोजच्या वेळेची मर्यादा घालायची, आणि त्याला काही घ्यायचं असेल तर विनंती तुमच्याकडे येते. हे त्याच्या पाठीमागे करू नका. त्याच्या शेजारी बसून, त्यालाच करायला सांगा.

वेळेबद्दल एक गोष्ट सगळ्या आईवडिलांना सांगावीशी वाटते. टीमने खेळायचा ऑनलाइन गेम मध्येच थांबवता येत नाही. पाच-पाच जणांचा सामना तीस-चाळीस मिनिटं चालतो, मध्येच उठलं तर बाकीचे चौघे अडकतात आणि उठणाऱ्याला गेमकडून शिक्षा होते. ‘जेवायला वाढलंय, बंद कर’ म्हटल्यावर मुलगा ‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि पंचवीस मिनिटं उठत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. कॅरम अर्ध्यावर टाकून उठा म्हटलं तर मोठी माणसंसुद्धा कुरकुर करतात. म्हणून मर्यादा मिनिटांत ठरवू नका, सामन्यांत ठरवा. कोचिंगच्या दिवशी एक, रविवारी तीन. शेवटचा सामना सुरू करण्याआधी त्याने तुम्हाला सांगायचं. हा नियम मी बऱ्याच घरांत टिकलेला पाहिलाय, घड्याळाचा नियम फार थोड्या घरांत टिकला.

व्यसन म्हणतात ते खरोखर असतं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत त्याला जागा दिलीय, १ जानेवारी २०२२पासून ती यादी लागू आहे. पण त्यांचं माप ऐका: खेळावर ताबा राहत नाही, जेवण-झोप-अभ्यास-मित्र सगळ्यांच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. सुट्टीत दोन दिवस डोळे लाल होईपर्यंत खेळला म्हणजे व्यसन जडलं असं नाही. पण ही लक्षणं दिसली तर मशीन उचलून नेण्याआधी डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं.

हॉलमध्ये ठेवा म्हणतो ते पाळत ठेवण्यासाठी नाही. खेळताना मूल काय बोलतं, कुणाशी बोलतं, कशाने चिडतं हे येताजाता कानावर पडतं. आजी विचारतात, हा कोण रे, याला का मारतोस. तो सांगतो. हेडफोन लावून बंद दाराआड खेळणाऱ्या मुलाला हे विचारणारं कुणी नसतं. आमच्याकडे माझी आई भाजी निवडता निवडता माझ्या मुलाच्या शर्यतीचे निकाल विचारायची. चौथ्या महिन्यात तिला सगळे ट्रॅक पाठ होते.

आता लॅपटॉप का नको. साहेबांचा मुद्दा चुकीचा नाही, कॉलेजात लॅपटॉप लागेलच. पण कॉलेज दोन वर्षांनी आहे, तेव्हा त्या वेळचा साधा, हलका लॅपटॉप घेता येईल. आज सत्तर हजारांत जो गेमिंगचा लॅपटॉप मिळतो, त्यात तापणारं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, दोन बोटं जाडीच्या डब्यात कोंबलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिसाच्या वर जातो. मग मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, पंखे मिक्सरसारखे ओरडतात, तीन वर्षांत बॅटरी फुगते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावरच, म्हणजे सगळे भाग जोडतात त्या मुख्य पाटीवरच, डकवलेली असते, ती वाढवता येत नाही. मुख्य म्हणजे मुलगा तो कधी उघडत नाही. डेस्कटॉपचा एक भाग गेला तर एक भाग बदलतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला की सगळंच गेलं.

काय घ्यायचं ते सांगतो. मुलगा हे वाचून नाराज होईल, तरी सांगतो: पहिल्या वर्षी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. रायझन ५ ८६००जी हा प्रोसेसर घ्या, त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. कॉलनीतली मुलं खेळतात ते बहुतेक ऑनलाइन गेम त्यावर साध्या सेटिंगला नीट चालतात. मदरबोर्ड बी६५०चा घ्या. त्यावरचा एएम५ हा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, २०२२मध्ये आला आणि कंपनीने तो २०२७पर्यंत तरी चालवायचं कबूल केलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन कांड्या. एक सोळाची घेतली तर असल्या प्रोसेसरचं ग्राफिक्स लंगडं होतं, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं आणि दोन वाटांनी वापरतं. साठवणीला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. चोवीस इंची, शंभर हर्ट्झच्या वरचा आयपीएस मॉनिटर. विंडोज पैसे देऊन, परवान्याचं. वर्षभराने, त्याचा अभ्यास आणि खेळ दोन्ही पाहून, कार्ड घ्या. ती त्याची बारावीतली कमाई असू द्या.

पेनड्राइव्हवरून आणलेले क्रॅक गेम आणि विंडोज फुकट चालू करणारी ती छोटी प्रोग्रॅम घरात येऊ देऊ नका. त्यांच्यातून ब्राउझरमधले पासवर्ड उचलले गेलेली मशीनं माझ्याकडे दर महिन्याला येतात. एपिक गेम्स स्टोअर २०१८पासून अधिकृतपणे फुकट गेम वाटतंय, चोरीची गरज उरलेली नाही.

रॅमच्या भावाने धक्का बसेल, त्याची तयारी ठेवा. २०२५च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी भयंकर महागलीत. दुकानदार लुबाडतोय असं वाटेल, पण कारण जगभरचं आहे. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे, आणि चिप बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या आपला माल आधी तिकडे वळवतायत. यातली गोष्ट मुलाला जरूर सांगा. २०१२मध्ये चित्रं ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमने जगाला चकित केलं, आजच्या एआयची लाट तिथून उसळली. तो प्रोग्रॅम शिकवला होता जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर, ३-३ जीबीच्या, दुकानात मिळणाऱ्या, गेम खेळायच्या कार्डांवर. खेळात लाखो ठिपक्यांचं गणित एकाच वेळी करावं लागतं, तेच गणित तिथे कामी आलं. खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कार्डं विकत घेतली म्हणून ती एवढी वेगवान झाली, आणि आज त्याच कामामुळे तुमच्या मुलाची रॅम महाग झालीय. गेमिंगला वायफळ म्हणणाऱ्या लोकांना मी हे नेहमी सांगतो.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका: एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर जो फुकट मिळतो, ज्यावर ४५० वॅट छापलेलं असतं आणि जो हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो, तो नको. ब्रॉन्झ दर्जाचा, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या, पुढे कार्ड लावलं तरी पुरेल. आणि त्याहीआधी घरातलं अर्थिंग तपासा.

हे मी फार कळकळीने सांगतोय, म्हणून एक उदाहरण देतो. मागच्या पावसाळ्याच्या आधी एका काकांनी मशीन आणलं. म्हणाले, ‘कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. दोनदा पोर्ट जळाला.’ दुकानात लावलं, काही नाही. घरी गेलो. टेस्टर कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला लावला, दिवा लागला. एसएमपीएसमध्ये विजेतली गडबड गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थ असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर सगळा पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, माणूस दगावत नाही, पण त्या मशीनची केबल टीव्हीला जोडायला गेलं की ठिणगी पोर्टात पडते. भिंतीवरचा स्विचबोर्ड तीन भोकांचा होता, दिसायला सगळं ठीक. तो उघडला तर हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेली. घर रंगवताना कुणीतरी स्विचबोर्ड बदलला आणि ती वायर ‘जास्तीची’ म्हणून बाजूला केली. चांगल्या इलेक्ट्रिशियनला अर्ध्या दिवसाचं काम. काकांनी तोवर दोन मदरबोर्ड बदलले होते.

तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि नुसतं ‘अर्थिंग आहे का’ असं विचारू नका, मीटर लावून दाखव म्हणा. मग ६०० व्हीएचा यूपीएस. तो ३६० वॅटच देतो, पण कार्ड नसलेल्या मशीनला पुष्कळ झाला. लाइट गेल्यावर सामना पुरा करायला नव्हे, नीट बंद करायला.

आता जोडणी. सामान आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला फिरून घ्या, दोन-तीन दुकानांत भाव लिहून आणा, मुलालाच बोलू द्या. बिल पक्कं घ्या, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर हवा, वॉरंटी त्यावरच मिळते. दुकानदार म्हणेल, आम्ही जोडून देतो, पैसे नाहीत. नको म्हणा.

मी दर उन्हाळ्यात चार-पाच मुलांना माझ्या टेबलावर जोडणी करू देतो. गेल्या वर्षी असाच एक मुलगा होता, तुमच्या मुलाच्या वयाचा. एएम५च्या सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना असतात, एक वाकली तर बोर्ड गेला. त्याने प्रोसेसर कोपऱ्यांनी धरला, सोनेरी त्रिकोण जुळवला आणि अलगद सोडला. दाबायचं नसतं, तो आपल्या वजनाने बसतो. तेवढा वेळ त्याने श्वास रोखला होता. मग पेस्ट, हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधोमध. रॅम बसताना टक असा आवाज येतो, तो आला नाही तर बसलेली नसते. त्याने पहिल्यांदा भीतभीत दाबली, आवाज आला नाही, दुसऱ्यांदा दोन अंगठे लावले. सगळं झाल्यावर बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.

मला कारण दिसत होतं. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती लावायची राहिली होती. मी बोललो नाही. वीस मिनिटं तो रॅम काढून घालत होता, मॉनिटरची केबल बदलत होता. त्याचे वडील दोनदा म्हणाले, सांगून टाका ना. मग त्याने बोर्डाचं पुस्तक उघडलं. बोर्डावर एक छोटा लाल दिवा जळत होता, त्याचा अर्थ त्यात शोधला, प्रोसेसर असं लिहिलेलं वाचलं आणि मान वर करून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. वायर लावली. पडद्यावर बोर्डाचं नाव आलं तेव्हा तो ओरडला नाही, नुसता हसला. तो मुलगा आज त्याच्या गल्लीतली मशीनं बघतो. गेम अजून खेळतो, पण रात्री त्याला काय बिघडलं आणि का बिघडलं हे बोलायचं असतं.

जोडायला लावा असं मी म्हणतो ते यासाठी. मोबाइल आपल्याला उघडू देत नाही. त्यात जे आहे ते कंपनीने ठरवलं, आपण बोट फिरवायचं. उघडून पाहिलेल्या यंत्राशी मुलाचं नातं बदलतं. गेम कसा चालतो हे विचारायला त्याला तिथून फार वेळ लागत नाही. मग चित्रं घडवायला ब्लेंडर आहे, गेम बनवायला गोडो आहे, प्रोग्रॅम लिहायला पायथन आहे, सगळं फुकट आणि उघडं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम जगभर विकला, हे त्याला दाखवा. तो ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे गेमच्या स्पर्धांमध्ये, करिअर करीन म्हणेल तर उडवून लावू नका. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत, तेव्हा हा प्रदर्शनीय खेळ होता, तीर्थ मेहता या गुजरातच्या मुलाने ब्राँझ आणलं, आणि डिसेंबर २०२२पासून केंद्रात हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे आहे. पण हजारो खेळतात आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच त्यावर जगतात. बुद्धिबळाला जे म्हणतो तेच इथे म्हणायचं: खेळ, पण बारावी सोडायची नाही.

कोचिंगवाले सांगतील, मशीन घेऊ नका, लक्ष विचलित होईल. जेईई मेन २०१९पासून कॉम्प्युटरवरच होते. ज्या मुलांनी आयुष्यभर फक्त मोबाइल चोळला ती तिथे माउस धरून अडखळतात, मी ते पाहिलंय. घरी मोठ्या पडद्यावर सराव केलेल्या मुलाला निदान तो अडथळा नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या प्रश्नात नव्हती, पण मला फार महत्त्वाची वाटते. आता रेशनपासून पेन्शनपर्यंत सगळं स्क्रीनवर गेलंय. घरात एक तरी माणूस यंत्राला न घाबरणारा लागतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात समग्र आयडी (सरकारी योजनांना लागणारा कुटुंबाचा नंबर), जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, काहीही काढायचं तर लोक चौकातल्या कियॉस्कवर जातात. तिथला मुलगा घाईत असतो. पुष्कळदा फॉर्ममध्ये तो स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो, आणि मग पुढच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर जातो. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतो, ती हरवते.

त्यात आपल्या मराठी माणसांचं जास्तीचं दुखणं म्हणजे ळ. हिंदीत लिहिताना ळ लागत नाही, त्यामुळे टाइप करणाऱ्याच्या बोटाला त्याची सवय नसते. काळ्यांचे काले होतात, साळुंक्यांचे सालुंके, मुळ्यांचे चक्क मुले. रोमनमध्ये एका कागदावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं. माणसाला कळतं की नाव तेच आहे. मशीन अक्षर जुळवतं, जुळलं नाही की अर्ज परत. माझ्या मावशीचा एक अर्ज या एका अक्षरावरून सात महिने फिरला. सत्तरीची बाई तीन ठिकाणी रांगेत उभी राहिली, आणि प्रत्येक खिडकीवर तिला सांगण्यात आलं की सिस्टिम घेत नाही. सिस्टिम घेत होती. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, ळ पहिल्यापासून आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्डवर इंग्रजी एन दाबलं की ल येतो, शिफ्ट धरून दाबलं की ळ. एवढंच करायचं होतं. शेवटी तिच्या नातवाने घरी बसून दुरुस्तीचा अर्ज स्वतः भरला, प्रत्येक खण तिला वाचून दाखवत, आणि तो पास झाला.

म्हणून सासूबाईंना मराठी टाइप करायचंय हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तो जुना कॉम्प्युटर टाकू नका. २०१५चा म्हणजे त्यावर विंडोज ११ चढणार नाही, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, तेव्हा बँकेची कामं त्यावर करू नका. पण मशीन मेलेलं नाही. हार्ड डिस्क काढून छोटी साटा एसएसडी लावा, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, ते फुकट आहे. कीर्तनं ऐकायला आणि पत्रं लिहायला ते झकास चालतं. त्यात इन्स्क्रिप्ट चालू करा. फोनवर रोमनमधून मराठी लिहितात तसं शिकवू नका, इन्स्क्रिप्टच शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आठ-दहा दिवसांत हात बसतो. शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबलं की ऱ मिळतो, तोच दऱ्यांमधला, म्हणजे दर्या आणि दऱ्या वेगळे लिहिता येतात. काढलेली हार्ड डिस्क कचऱ्यात टाकू नका, त्यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं आहेत. ती जपून ठेवा. बाकी जे खरंच निकामी असेल ते कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याच्या वेगळ्या खान्यात द्या, आपल्या इंदुरात ती सोय आहे.

आणि क्रम असा ठेवा: नवं सामान आणण्याआधी मुलाला या जुन्या मशीनवर बसवा. वायर काढून ठेवून बाजूचा पत्रा उघडू द्या, धूळ ब्रशने झाडू द्या, रॅम काढून परत बसवू द्या, लिनक्स टाकू द्या. चुकला तरी काही बिघडत नाही. आजींचा कीबोर्ड चालू झाला आणि त्यांनी आपलं नाव ळ-ऱ्यासकट बिनचूक उमटवलं, की त्या रविवारी त्याला घेऊन सामानाला निघा. निघण्याआधी इलेक्ट्रिशियन येऊन गेलेला असू द्या.